सभा किती वाजता ठेवायची?

पणजीच्या आझाद मैदानावरची सभा म्हणजे संध्याकाळी पाचची, असं आमच्यातल्या बहुतेकांनी गृहीतच धरलं होतं. कचेऱ्या सुटतात, ऊन उतरतं, पत्रकारांना बातमी पाठवायला वेळ मिळतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाच्या निमित्ताने गोव्यातल्या छोट्या छोट्या लढ्यांतली माणसं एका मैदानावर आणायची, एवढं ठरवून आम्ही पणजीच्या मळा भागातल्या एका जुन्या घराच्या सोप्यावर जमलो होतो. शिक्षक, एक वकील, कॉलेजातली चार-पाच मुलं, बँकेतून निवृत्त झालेली मी. वाळपईच्या पुढे, म्हादई अभयारण्याच्या कडेला असलेल्या धनगरवाड्यावरून एक काकी आल्या होत्या, बाणावली-कोलव्याच्या बाजूचे दोघे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठं जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार, होते. पाच वाजता हे कागदावर लिहूनही झालं होतं. तेव्हा काकी म्हणाल्या, "पांचांक सभा? मागीर आमी घरा कशीं वतलीं?" (मग आम्ही घरी कशा जाणार?)

मग त्यांनी हिशोब मांडला. पणजीहून साखळीमार्गे वाळपई गाठायला दीड-दोन तास. पुढे वाड्याकडे जाणारी शेवटची बस त्याआधीच निघून गेलेली. तिथून पायवाट, तीही जंगलातली. घरी गुरं बांधायची, दूध काढायचं. म्हणजे पाचच्या सभेला त्या आल्या तरी सव्वापाचला उठून जाणार, आणि वनहक्कांवर, म्हणजे रानातली कसलेली जमीन नावावर होण्याच्या हक्कावर, बोलायला पणजीतलीच माणसं उरणार.

या सगळ्या खटाटोपातून मला पटलेली गोष्ट एवढीच आहे. सामाजिक न्यायाच्या कार्यक्रमात न्याय कुणापर्यंत पोचणार, ते भाषणांच्या कितीतरी आधी ठरतं. घड्याळ, बस, रोजंदारी आणि माईक या चार गोष्टी ते ठरवतात. म्हणून भाषणांबद्दल कमी आणि तयारीबद्दल जास्त लिहिते आहे.

वेळ ठरवण्यातच दोन बैठका गेल्या. सकाळी साडेदहा म्हटलं तर ताळगाव-करंझाळेच्या फ्लॅटांत धुणीभांडी करणाऱ्या बायका येणार नाहीत. त्यांची तिसऱ्या-चौथ्या घरची भांडी तेव्हाच चालू असतात आणि एक खाडा पडला की पगारातून पैसे कापले जातात. रविवार म्हटलं तर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या माणसांना सकाळची मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चुकवून येता येत नाही, आणि ती चुकवा असं कुणी म्हणूही नये. शनिवारी बांधकाम मजुरांचा आठवड्याचा पगार होतो, त्या दिवशी ते जागचे हलत नाहीत. शेवटी मानवी हक्क दिनाच्या जवळचा रविवार, दुपारी अडीच ते साडेचार, असं ठरलं. आणि वाड्यावरच्या लोकांसाठी जायला-यायला एक बस भाड्याने घ्यायची. बॅनर, मंडप, खुर्च्या यांच्यासाठी काढलेली रक्कम सगळी त्या बसवर गेली. मैदानावर आम्ही सतरंज्या घातल्या.

रविवार धरल्याने एक तोटा होता, तो माहीत असून पत्करला. सगळी सरकारी कार्यालयं बंद, पर्वरीचं सचिवालय बंद, म्हणजे निवेदन घ्यायला कुणी अधिकारी समोर येणार नाही. काही जणांना हे फार खटकलं. अधिकारी निवेदन घेतोय असा फोटो नसेल तर सभा झाल्यासारखी वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझं मत उलट आहे. निवेदन सोमवारी चार जण जाऊन देऊ शकतात आणि त्याची पोच घेऊ शकतात. वाड्यावरची बाई मैदानावर उभी राहून बोलणं मात्र दुसऱ्या कुठल्याही दिवशी शक्य नव्हतं.

परवानगीचं काम माझ्याकडे आलं. मैदानासाठी एक अर्ज, पोलिसांना एक पत्र, ध्वनिक्षेपकासाठी तिसरा अर्ज. पोलिसांच्या पत्रात तारीख, वेळ, अंदाजे किती लोक, मिरवणूक आहे की नाही, वाहनं कुठे थांबणार, जबाबदार व्यक्तींची नावं आणि फोन नंबर, हे सगळं स्वच्छ लिहावं. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद हे सगळ्यांना माहीत असतं. पण दिवसाढवळ्या लावायचा तरी लेखी परवानगी लागते आणि इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरांत शांतता क्षेत्र असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. जमावबंदीचा आदेश लागू आहे का, तेही विचारून घ्यावं. पूर्वी ज्याला कलम १४४ म्हणत, ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झालं आहे.

एका कार्यालयात मला सांगितलं, हे आमचं काम नाही, तिकडे जा. तिकडच्या माणसाने परत इकडे पाठवलं. तिसऱ्या खेपेला मी आमच्या वकील ताईंनी दिलेला एक परिच्छेद अर्जाच्या वरच चिकटवला: राज्यघटनेचं कलम १९(१)(ख), शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. त्याच्याखाली लिहिलं की अर्ज नाकारायचा असल्यास कारण लेखी द्यावं. आवाज चढवला नाही, बाकावर बसून राहिले. दुपारच्या आत अर्ज दाखल झाला. तिथल्या कारकून बाईंनी जाताना पाणी दिलं आणि 'सभेत काय काय आहे' असं कुतूहलाने विचारलंही. माणसं वाईट नसतात. अर्ज घेतला तर जबाबदारी आपल्यावर येईल ही त्यांची भीती असते, आणि कायद्याचा नेमका आधार समोर ठेवला की ती बरीच कमी होते.

त्या बाकावर बसले असताना मडगावची १८ जून १९४६ ची सभा सारखी मनात येत होती. पोर्तुगीज राजवटीत लग्नाची पत्रिका छापायलासुद्धा सेन्सॉरकडे जावं लागे. अशा काळात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस भर पावसात मडगावच्या मैदानावर गेले, विनापरवाना बोलायला उभे राहिले आणि पकडले गेले. त्याच वर्षी गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. त्याच कुन्हांचं स्मारक आज आझाद मैदानावर आहे. १९६१ पूर्वी तिथल्या खांबांच्या मंडपाखाली गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोन्सो द आल्बुकर्कचा पुतळा होता. तो आता जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ज्या मैदानावर आपण बसतो, तिथे बसण्याचा हक्क माणसांनी तुरुंगात जाऊन मिळवला आहे. म्हणून अर्ज, शिक्का आणि पोच यांचा मला कधी कंटाळा आला नाही.

खरी कसोटी कागदांची नव्हती, आमच्या आपसातलीच होती. व्यासपीठावर कुणाकुणाला बोलवायचं? घरकाम करणाऱ्या बायका बहुतेक उत्तर कर्नाटकातल्या. त्यांच्यासोबत दक्षिण गोव्यातल्या कुटबण जेटीवर ट्रॉलरवर, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या यांत्रिक बोटींवर, काम करणाऱ्या खलाशांपैकी कुणाला तरी बोलवावं, असं कॉलेजच्या मुलांनी सुचवलं. २०२४ साली त्या जेटीवर कॉलऱ्याची साथ आली. झारखंड, ओडिशा, छत्तीसगडकडून आलेले खलाशी ट्रॉलरवरच राहत, पिण्याचं पाणी आणि संडास यांची धड सोय नव्हती, आणि काही जण त्यात दगावले. पण खलाशांचं नाव काढताच रापणकारांमधले एक भाऊ ताडकन उभे राहिले. ट्रॉलरांनी आमची किनाऱ्यावरची मासळी संपवली, आणि त्याच ट्रॉलरवरच्या भायल्यांना (बाहेरच्यांना) आमच्या शेजारी बसवणार?

त्यांचा राग पोकळ नव्हता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गोव्याच्या रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध मोठं आंदोलन उभारलं, मोर्चे काढले, मार खाल्ला, आणि १९८० साली सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. किनाऱ्याजवळचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांना राखून ठेवला गेला. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने एलईडी दिवे लावून मासेमारी करायलाही बंदी घातली. तरी रात्री समुद्रात दिवे दिसतात, असं ते भाऊ सांगत होते आणि सांगताना त्यांचा आवाज कापत होता. त्यांचे वडील त्या जुन्या आंदोलनात होते.

त्या बैठकीत कुणी कुणाला उपदेश केला नाही, हे बरं झालं. एका मुलीने फक्त विचारलं, ट्रॉलर कुणाचे? मालक कोण? भाऊ म्हणाले, आपलेच, गोंयकार. मग ती म्हणाली, खलाशाला जाळं कुठे टाकायचं ते मालक सांगतो, झोपायला जागा द्यायची नाही हेही मालकच ठरवतो. भाऊ बराच वेळ गप्प बसले. त्यांनी होकार दिला नाही. पुढच्या बैठकीला मात्र ते आले आणि म्हणाले, त्याने बोलावं, पण माझ्या आधी नको. माझ्यानंतर बोलू दे, म्हणजे मी काय म्हटलं ते त्याच्या कानांवर पडेल. आम्ही तसंच केलं. शांतता म्हणजे सगळ्यांनी एकमेकांशी गोड बोलणं, असं मी कधीच मानलं नाही. भांडण खरं असेल तर ते योग्य माणसाशी करावं, आणि त्यासाठी आधी एकमेकांचं ऐकून घ्यायला एका सतरंजीवर बसावं लागतं.

फलकांच्या लिपीवरूनही थोडं झालं. देवनागरी कोकणी, रोमी कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी. ज्याला जी येते त्याने त्या लिपीत लिहावं, एवढ्यावर तो विषय मिटला.

सभेच्या आधीच्या आठवड्यात स्वयंसेवकांची तालीम घेतली. ही गोष्ट कुणीही गाळू नये. एका शाळेच्या सभागृहात मुलं गोल बसली आणि आमच्यातलाच एक उंचापुरा मुलगा उचकवणारा झाला. त्याने फलक ओढले, मोबाईल तोंडासमोर धरून चित्रीकरण केलं, 'चला, निघा तुमच्या गावाला' असं एका बाईच्या तोंडावर ओरडला. पहिल्या खेपेला दोन मुलगे त्याच्या अंगावर धावून गेले. मग वकील ताईंनी शिकवलं: हात खाली, तळवे उघडे, उचकवणारा आणि समोरचा माणूस यांच्यामध्ये दोघांनी शिरून उभं राहायचं, पाठ उचकवणाऱ्याकडे, तोंड आपल्या माणसाकडे. आपल्या माणसाशी बोलायचं, त्याचं नाव घ्यायचं, त्याला चार पावलं मागे न्यायचं. उचकवणाऱ्याला उत्तर द्यायचंच नाही. पुन्हा पुन्हा करून घेतलं, तेव्हा कुठे ते अंगात भिनलं. पोलिसांनी कुणाला नेलंच तर काय, तेही सांगितलं: अटकेचं कारण विचारायचं, नातेवाइकाला कळवायचा आग्रह धरायचा. अपवादात्मक परिस्थिती आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी असल्याशिवाय स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. स्त्रियांना आणि अनुसूचित जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी १५१०० हा नंबर. मुलांनी तो तळहातावर पेनाने लिहून घेतला.

प्रत्यक्ष सभेच्या दिवशी गडबड अशी झालीच नाही. ऊन होतं, पण झाडांची सावली मैदानावर सरकत आली. माणसं दोनशेच्या आसपास असतील. सुरुवातीला दोन मिनिटं शांत उभे राहिलो. त्यात १९९५ साली केरी-फोंड्याच्या नायलॉन ६,६ कारखान्याविरुद्धच्या आंदोलनात पोलीस गोळीबारात गेलेला नीलेश नाईक आणि २०११ साली बाळ्ळीच्या आदिवासी आंदोलनात गेलेले मंगेश गावकर व दिलीप वेळीप यांची नावं घेतली. गोव्यात हक्कांसाठी पोरं गेली आहेत, हे कॉलेजमधल्या कित्येकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला ते फार लागलं.

नियम असा ठरला होता की ज्याच्यावर बेतलं आहे तो आधी बोलणार, प्रत्येकी पाच मिनिटं, आणि पुढारी कितीही मोठा असो, त्याने सतरंजीवर बसून ऐकायचं. एक पुढारी आले. त्यांच्याबरोबरचे दोघे माईकजवळ येऊन 'साहेब दोन शब्द बोलतील' म्हणाले. आमच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की साहेबांनी आज ऐकावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. ते वीसेक मिनिटं बसले आणि गेले. तेवढ्या वेळात काकींचं बोलणं त्यांना ऐकावं लागलं, हे उत्तम झालं.

काकी माईकसमोर आल्या तेव्हा त्यांच्या हातात साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात दुसरी पिशवी, तिच्यात जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेली वनहक्क दाव्याची पोच. घड्यांवर कागद फाटत आलेला, शिक्क्याची शाई पुसट झालेली. त्यांनी तो कागद उलगडून दोन्ही हातांनी लोकांसमोर धरला आणि बोलणं होईस्तोवर खाली घेतला नाही. "आमी नवी जमीन मागनात. कसतात तीच आमच्या नांवार करात." म्हणजे, नवी जमीन मागत नाही, कसतो तीच आमच्या नावावर करा. काजूची झाडं सासऱ्याने लावलेली, बांध घातलेला, देवाची जागा तिथेच. हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या की मोजणीला माणसं आली होती, झाडांवर चुन्याचे पट्टे मारून गेली, नंतर कुणी फिरकलं नाही.

वाचकांना यातली मेख कळावी म्हणून थोडं सांगते. २००६ चा वनहक्क कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वी वनजमीन कसणाऱ्यांना ती चार हेक्टरपर्यंत मिळवून देतो. गोव्यात अशा दाव्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, त्यामुळे त्यांना कट-ऑफ तारखेपूर्वीची वहिवाट दाखवली की पुरतं. गोव्यातल्या धनगरांना तो दर्जा नाही. म्हणून त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' या नात्याने तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. २००५ मधून पंचाहत्तर वजा करा: १९३०. पोर्तुगीज आमदानीत रानात गुरं राखणाऱ्या आजोबांच्या नावाचा कागद कुठल्या कपाटात सापडणार? कायद्यातच याला वाट आहे: गावातल्या वृद्धांचं लेखी निवेदन हा पुरावा चालतो, घर, विहीर, बांध यांच्या खुणा चालतात. पण ते निवेदन लिहून घ्यायला कुणीतरी वाड्यावर जावं लागतं. शिवाय दाव्याला मंजुरी देणाऱ्या ग्रामसभेला निम्मी हजेरी लागते, आणि गोव्यात एवढी माणसं ग्रामसभेला जमवणं किती कठीण असतं हे कुठल्याही पंचाला विचारावं.

काकींनंतर घरकाम करणाऱ्या दोघी कन्नड-हिंदीत बोलल्या, मग रापणकार भाऊ. त्यांनी ट्रॉलरवर भरपूर टीका केली, मालकांचा उल्लेखही केला. आणि शेवटी कुटबणचा खलाशी, वीस-बावीस वर्षांचा, एवढ्या लोकांपुढे पहिल्यांदाच उभा. त्याने एवढंच सांगितलं की त्याच्या बरोबरचा एक जण साथीत गेला आणि त्याच्या घरी कळवायला कुणाकडे पत्ता नव्हता. भाऊ पहिल्या ओळीत होते. तो खाली बसल्यावर त्यांनी सरकून त्याला सावलीत जागा करून दिली. त्यांचं ट्रॉलरांबद्दलचं मत तसूभरही बदललेलं नाही आणि बदलावं असं मलाही वाटत नाही.

साडेचारला सभा संपवली. बस पावणेपाचला निघाली. सतरंज्या झटकून, मैदानावरचा एकेक कागद उचलून, मैदान ताब्यात दिलं.

सोमवारी चौघी जणी निवेदन घेऊन गेलो आणि पोच घेतली. प्रलंबित वनहक्क दावे कोणत्या टप्प्यावर अडले आहेत, ग्रामसभेत, उपविभागीय समितीत की जिल्हा समितीत, याची वाड्यानुसार माहिती मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा केला. कॉलेजच्या मुलांनी कुटबणला जाऊन खलाशांची नावं, गावं आणि घरचे फोन नंबर लिहिलेली वही केली. तिची एक प्रत जेटीवरच राहते. धनगरवाड्यावर आता वृद्धांची निवेदनं लिहून घ्यायचं काम चालू आहे. रविवारी दोन जोड्या जातात, एकाने विचारायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग वाचून दाखवायचं आणि अंगठा किंवा सही घ्यायची. ऐंशी ओलांडलेले तिघे आहेत. त्यांच्यापासून सुरुवात केली आहे.